घरांच्या इंटिरियरचं काम एकट्या मुलीला झेपतं का? सुरुवातीला फी किती घ्यावी?

तू विचारलंयस की डिप्लोमा झालाय, बडोद्यातच काम करायचंय, तर घरांच्या इंटिरियरचं काम एकट्या मुलीला झेपेल का आणि फी किती सांगावी. खाली सहज एक ओळ जोडली आहेस: पहिलं काम मामांच्या मांजलपूरच्या फ्लॅटचं आहे आणि ‘घरचंच म्हणून फुकट करतेय’. मी लिहायला बसले ती त्या ओळीमुळे. तुला ‘तू’च म्हणते, माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल.

झेपतं. मी 2003 पासून हेच करतेय, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या डागडुजीपासून वासणा-भायलीच्या नव्या फ्लॅटांपर्यंत. पहिली चार-पाच वर्षं साइटवर एकच प्रश्न असायचा, ‘बेन, साहेब क्यारे आवशे?’, म्हणजे साहेब कधी येणार. राजस्थानचे मिस्त्री तेच हिंदीत विचारायचे. एका मिस्त्रीला मी बेडरूमच्या कोपऱ्यात गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून दाखवला. कोपरा गुण्यात नव्हता, त्याच्या मापाने वॉर्डरोब केला असता तर मागे अर्ध्या इंचाची फट पडली असती. त्याने स्वतः गुण्या घेऊन दोनदा ताडून पाहिलं आणि त्यानंतर साहेबांची चौकशी बंद झाली. तो मिस्त्री आजही माझ्याकडे आहे. नव्या बिल्डिंगमध्ये बाथरूमला पाणी नसतं आणि दिवसभर साइटवर उभं राहायचं असतं, हा खरा त्रास आहे. कामाच्या पहिल्याच आठवड्यात एक संडास पाण्यासकट चालू करून घ्यायचा, हे मी आता अंदाजपत्रकात लिहूनच देते. मजुरांनाही तो लागतोच. साइटचा त्रास एवढाच. बाकी सगळं सवयीने जमतं.

जमत नाही ते घरातल्या माणसांपुढे.

2009 मध्ये माझ्या मोठ्या दिरांनी कारेलीबागेत फ्लॅट घेतला. ‘आपल्या घरातच डिझायनर असताना बाहेर कशाला जायचं?’ असं ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि मला खरोखर अभिमान वाटला. तीन महिने मी ते काम केलं. लेआउट, इलेक्ट्रिकचे पॉइंट, प्लंबिंग, सीलिंग, प्रत्येक भिंतीचं वेगळं ड्रॉइंग, सगळी मिळून अडतीस शीट्स. पैशाचं नाव कोणी काढलं नाही, मीही काढलं नाही.

माझ्या जाऊबाई चार फूट दहा इंच. स्वयंपाकघराचं माप घ्यायला गेले तेव्हा मी त्यांना म्हटलं, वहिनी, कणीक मळताना उभ्या राहता तशा राहा. जमिनीपासून कोपरापर्यंत छत्तीस इंच भरलं. काम करायचा पृष्ठभाग कोपराच्या चार-सहा इंच खाली हवा, नाहीतर मळताना आणि लाटताना खांदे वर उचलले जातात. हे मी सयाजीराव विद्यापीठात होम सायन्सला शिकले, तिथे वर्गात एकमेकींची मापं घ्यायला लावायचे. म्हणून मी ओटा एकतीस इंचांवर काढला. रेग्युलेटर लावलेला सिलिंडरसुद्धा टेपने मोजला होता, ओट्याखाली आरामात बसत होता.

मी दोन दिवस मुलीच्या तापामुळे साइटवर गेले नाही. तेवढ्यात भाऊजींनी मिस्त्रीला सांगितलं, ‘ओटा सगळीकडे चौतीस असतो, चौतीसच कर.’ तिसऱ्या दिवशी गेले तर उभ्या फरश्या कापून बसवलेल्या आणि वर ग्रेनाइट आलेला. मी म्हटलं, हे काढावं लागेल. भाऊजी म्हणाले, ‘अगं, तीन इंचांनी काय होतंय? तुम्हा बायकांना आवड असते, रंग-पडदे तू बघ. सुतारकामातलं त्यांना कळतं.’ सासूबाई समोर होत्या. मी गप्प बसले. फुकट काम करणाऱ्या माणसाला ‘माझ्या सहीशिवाय माप बदलायचं नाही’ असं म्हणता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

जाऊबाई पुढची बारा वर्षं पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या. आमच्याकडे जेवायला बसायचे जुने सागवानी पाट होते, त्यातलाच एक. एकदा पाटावरून मागे उतरताना पाय मुरगळला. उजवा खांदा तर कायमचाच धरला. आणि घरात कोणी आलं की भाऊजी सांगायचे, ‘हा ओटा हिने केलाय.’

2021 मध्ये त्यांनी स्वयंपाकघर नव्याने करून घेतलं, बाहेरच्या डिझायनरकडून. मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याने उंची विचारली, जाऊबाईंनी सांगितलं, ‘एकतीस ठेवा.’ त्यांना आकडा पाठ होता. वास्तुपूजेच्या दिवशी भाऊजी पाहुण्यांना कौतुकाने सांगत होते की हे प्रोफेशनल लोक, बघा, आधी बाईमाणसाची उंची मोजतात. त्याला त्यांनी लाखाच्या वर फी दिली होती. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि प्रसादाचं ताट घेऊन आत गेल्या.

ते ‘तुम्हा बायकांना आवड असते’ मला अजून टोचतं, कारण ते साफ चूक आहे. आज ज्याला आपण फिटेड किचन म्हणतो त्याचा पाया 1926 मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टने घातला, फ्रँकफर्ट महापालिकेच्या वसाहतींसाठी. जेमतेम 1.9 मीटर बाय 3.4 मीटरची खोली. त्यात कुठे किती पावलं पडतात, कोणत्या कामाला किती वेळ लागतो याचा अभ्यास करून तिने एकेक गोष्ट बसवली. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघरही तिच्या डोळ्यांसमोर होतं. तशी जवळपास दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. आणि ती स्वतःच पुढे सांगायची की हे काढण्याआधी तिने कधी संसार केला नव्हता, स्वयंपाकही केला नव्हता. उपजत आवडीतून ते आलं नव्हतं, मोजण्यातून आलं होतं. भाऊजींना मी हे सांगितलं आहे. ते म्हणाले, ‘ती आर्किटेक्ट होती.’

आर्किटेक्टचं निघालंच आहे म्हणून सांगते. 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्यामुळे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कोणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. इंटिरियर डिझायनरला अशी सक्तीची नोंदणी नाही. त्यामुळे कोणीही कार्ड छापतं, प्लायवाला स्वतःच्या भाच्याला डिझायनर म्हणून पाठवतो, आणि ग्राहकाला तू आणि तो एकाच रांगेत दिसता. तुला वेगळं काढणारी वस्तू एकच आहे, तुझं ड्रॉइंग. म्हणून ते फुकट द्यायचं नाही. मामांनाही नाही.

आता फी. दोन भाग कर: ड्रॉइंगचे पैसे वेगळे, साइटवर देखरेखीचे वेगळे. ड्रॉइंगच्या पैशांतले निम्मे टेप उघडायच्या आधी. शीट हातात देताना उरलेले. देखरेखीचे दर महिन्याला. तुझा आकडा मी सांगणार नाही, तो फ्लॅटच्या आकारावर आणि तुझ्या तासांवर ठरेल. पहिल्या कामाला तास लिहून ठेव, दुसऱ्या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही. करारात एक ओळ हवीच: ड्रॉइंगमधलं माप बदललं तर तुझी लेखी संमती लागेल.

प्लायच्या दुकानातून कमिशन घेऊ नकोस. बरेच जण घेतात, आणि मग फी कमी सांगून तिकडून भरून काढतात. त्याचा परिणाम मी ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर पाहिला. विश्वामित्रीचं पाणी तळमजल्यांत शिरलं होतं. ज्या घरांत 710, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लाय, असं सांगून साधं कमर्शिअल प्लाय लावलं होतं तिथली खालची कपाटं फुगून दारं उघडेनात. हात लावला की थर सुटून येत होते. दुकानदाराकडून पैसे घेतलेस तर ट्रकमधून उतरलेली प्लायची शीट परत पाठवायला तुझं तोंड उघडणार नाही.

झोपाळा सगळेच मागतील, संखेड्याचा लाखेचा असो नाहीतर साधा पितळी कड्यांचा. त्याचे हूक बीममध्येच जातील हे सीलिंग करायच्या आधी ठरव. यावर मी वेगळं लिहीन, त्यात बरंच आहे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पहिली सहा वर्षं घर माझ्या नवऱ्याच्या पगारावर चालत होतं, म्हणून मला कमी कामं घेणं परवडलं. तुझं तसं नसेल तर दोन वर्षं कोणाच्या तरी हाताखाली काढ. दुकानांची, ऑफिसांची कामं मी केलेली नाहीत, तिथलं मला विचारू नकोस. आणि माझे दीर दुष्ट नाहीत. माझ्या मुलीच्या कॉलेजच्या फीला त्यांनी न मागता हातभार लावला. पण ओट्याबद्दल ते अजून चूकच आहेत.

तो पाट मी जाऊबाईंकडून मागून आणला. माझ्या ऑफिसात टेबलाशेजारी आहे. डाव्या बाजूला, त्या जिथे टाच ठेवायच्या तिथे, पॉलिश गेलेलं आहे.

मामांना आजच फोन कर आणि ड्रॉइंगचे पैसे किती ते स्पष्ट सांग. प्लाय येऊन पडलं असलं तरी चालेल, कापायच्या आधी सांग. अगदीच जीभ रेटली नाही तर सवलत दे, पण बिल पूर्ण रकमेचं बनव आणि सवलत खाली वेगळी लिही. आणि जाताना टेप घेऊन जा, मामींना कणीक मळायला उभं कर आणि त्यांचं कोपर मोज.