लिफ्टचा पत्रा आणि उंबऱ्यातली वाळू

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या सोसायटीत गेल्या दिवाळीत सहा माणसांची नवी लिफ्ट बसली. आत स्टीलचे पत्रे, एकदम चकाचक. आता पाचव्या मजल्यावर फ्लॅटचं काम निघालंय आणि दोन आठवड्यांत पत्र्यांवर ओरखडे, खालच्या बाजूला तपकिरी ठिपके. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, तिन्ही भिंतींना जाड प्लाय ठोका. दुसरा म्हणतो, पत्रे राहू द्या, खाली ग्रॅनाइट टाकून घ्या, शोभा तरी येईल. सेक्रेटरी मी, त्यामुळे बोलणी मला. काय करू? – एक वाचक, खारघर

उत्तर : ताई, दोन्ही तटांना आधी वजनकाट्यापाशी न्या. सहा माणसांची लिफ्ट म्हणजे माणशी ६८ धरून ४०८ किलो. तेवढ्या केबिनच्या तिन्ही भिंतींना वरपर्यंत १२ एमएमचा प्लाय मारलात तर पन्नास-साठ किलो तिथेच संपले. ग्रॅनाइट तर नुसतं खाली, १८ एमएमचं टाकलं तरी पन्नाशीच्या पुढे जातं. म्हणजे एक गृहस्थ लिफ्टमध्ये कायमचे उभे, मेंटेनन्स न भरता! केबिनला तोलणारं मागचं वजन, म्हणजे काउंटरवेट, रिकाम्या केबिनचं वजन आणि साधारण निम्मा भार धरून बेतलेलं असतं. तो तोल बिघडला की भार मोटर आणि ब्रेकवर येतो. शिवाय लिफ्टमध्ये असा फेरबदल परवानगीशिवाय करता येत नाही. त्यासाठी आपल्याकडे कायदाच आहे, आधी १९३९चा होता, आता २०१७चा.

भिंतींना ३-४ एमएमचा प्लाय किंवा पोकळ प्लास्टिकचा बोर्ड खांद्याइतक्या उंचीपर्यंत पुरतो. पत्र्यात स्क्रू मारू देऊ नका. बोर्ड कोपऱ्यात एकमेकांना चिकटपट्टीने जोडले की आपोआप उभे राहतात. बटणं, अलार्म, पंख्याच्या जाळ्या आणि दाराच्या कडेची सेन्सरची पट्टी मोकळी ठेवा.

पण खरं सांगू? ओरखड्यांनी लिफ्ट बंद पडत नाही, उंबऱ्याने पडते. दाराखाली ॲल्युमिनियमच्या पट्टीत खाचा असतात, त्यांतून दार सरकतं. नेरुळला एकदा रात्री साडेदहाला बोलावणं आलं. दार चार बोटं उरलं की परत उघडायचं. दार पुरतं मिटल्याशिवाय लॉकचा कॉन्टॅक्ट लागत नाही, आणि तो लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. चेअरमन कंपनीच्या नावाने खडे फोडत होते. मी स्क्रूड्रायव्हरने खाच उकरली तर निघाली ओली वाळू, ठासून बसलेली, आणि तिच्यात लादीचा हरभऱ्याएवढा टवका. वर्तमानपत्रावर काढून चेअरमनपुढे धरली. त्यांनी पुडी बांधून ठेवून घेतली, दुसऱ्या दिवशी ज्याचं काम चाललं होतं त्याला दाखवायला. गोणी फरफटत आत ओढायची बिगाऱ्यांची सवय, दुसरं काय!

म्हणून माल चढवताना उंबऱ्यावर आडवा प्लायचा तुकडा टाकायला लावा आणि दार मिटायच्या आधी उचलायला. डेब्रिजच्या गोण्या अर्ध्याच भरायच्या, तोंड बांधायचं, उचलून न्यायच्या. सिमेंटची गोणी ५० किलोची. सहा गोण्या आणि दोन माणसं धरली की ४३६ किलो होतात, म्हणजे पाचच न्यायच्या. संध्याकाळी काम सुटलं की वॉचमनने खाचा रंगाच्या सुक्या ब्रशने झाडायच्या. पाणी मारायचं नाही, ते सरळ खाली पिटमध्ये, म्हणजे लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरतं.

आता ते तपकिरी ठिपके. माझी पैज, ॲसिड. लादी बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला जे वापरतात तेच. त्याचा शिंतोडा तर सोडाच, वाफसुद्धा स्टीलवरचा संरक्षक थर खाते आणि मग गंज धरतो. त्यात तुमच्याकडे खाडीची खारी हवा. तारेची घासणी मात्र लावू देऊ नका, तिचे लोखंडी कण पत्र्यात राहतात आणि नव्याने गंजतात. खायचा सोडा पाण्यात कालवून मऊ फडक्याने लावा, पत्र्याच्या रेघा ज्या दिशेला आहेत त्याच दिशेने पुसा, मग ओलं फडकं, मग कोरडं. बारीक ओरखडे रेघांचा पत्रा असेल तर पॉलिशवाला काढून देतो. आरशासारखा असेल तर ती आशा सोडा. रोजच्याला साबणाच्या पाण्याचं घट्ट पिळलेलं फडकं बास. फवारा फडक्यावर मारायचा, बटणांवर नाही.

आणि हो, पत्र्यांवरची ती निळी फिल्म अजून कुठे राहिली असेल तर काढून टाका. नव्या फ्रिजवरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं न काढणारी माणसं आपण, पण उन्हाच्या बाजूला त्या फिल्मचा गोंद असा काही धरतो की मग ब्लेड घेऊन खरवडत बसावं लागतं, आणि ते ओरखडे तुमच्या खात्यावर.

पाचव्या मजल्यावाल्यांना आजच निरोप द्या : ॲसिडची बाटली जिन्याने.