जुनी वाफेची इंजिने वारसा रेल्वेवर चालवून झिजवण्यापेक्षा संग्रहालयात ठेवली, तर अधिक टिकणार नाहीत का?

हाच युक्तिवाद मला एकदा भर बैठकीत ऐकवण्यात आला होता, म्हणून उत्तर देतो आहे.

नुसते उभे राहिल्याने इंजिन टिकत नाही. स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीत, राहिलेली राख ओलावा धरते आणि पत्रा खाते, बॉयलरच्या तळाशी साचलेले पाणी आतून गंजवते, आणि बाहेरचा रंग चकचकीत असल्यामुळे हे वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानात येत नाही. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ साली स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. तिची १८६४ आणि १८६६ सालची इंजिने, बरेच भाग बदलून का होईना, आजही टिकून आहेत.

इंजिनाचा खरा शत्रू घाई आहे. तांब्याचा फायरबॉक्स, म्हणजे आग पेटते ती पेटी, आणि बॉयलरचे पोलादी कवच तापताना सारखे प्रसरण पावत नाहीत, आणि तो ताण त्यांना जोडणाऱ्या स्टेंवर (आधाराच्या दांड्यांवर) व आगीचा गरम धूर पाण्यातून नेणाऱ्या नळ्यांच्या तोंडांवर येतो. म्हणून मी ज्या रेल्वेवर फायरमन, म्हणजे इंजिनाची आग सांभाळणारा, होतो, तिथे थंड बॉयलरखाली आदल्या दिवशीच मंद आग टाकली जाई. नव्याने आलेल्या व्यवस्थापकांना ही रात्रपाळी म्हणजे उधळपट्टी वाटली आणि पहाटे मोठी आग करून सकाळच्या गाडीपुरता दाब तयार करण्याचा आदेश निघाला. आम्ही लेखी हरकत घेतली. ती फाइलीत गेली. त्याच हंगामात नळ्यांच्या तोंडांतून आगीवर पाणी गळू लागले, प्रवासी बसलेली गाडी रद्द करावी लागली आणि नळ्यांची तोंडे पुन्हा फुगवून घट्ट करण्यात आली. त्यानंतरच्या बैठकीत साहेबांनी निदान केले की इंजिन म्हातारे झाले आहे, आता ते छपराखाली कायमचे उभे करावे. आग कधी टाकली आणि दाब कधी चढला, याच्या वेळा शेडच्या वहीत होत्या, पण ती वही कुणी मागितली नाही.

चालवल्याने झीज होते, हे मात्र खरे. चाकांच्या धावा, बेअरिंग आणि नळ्या झिजण्यासाठीच असतात आणि बदलता येतात. मूळ धातू हाच ज्याचा इतिहास आहे, ते १८२९ सालचे ‘रॉकेट’ नावाचे इंजिन पेटवा असे मीही म्हणणार नाही. त्याची चालती प्रतिकृती १९७९ साली बनवली, ते योग्यच झाले.

आपण एखाद्या समितीवर असाल, तर इंजिन निवृत्त करण्याच्या ठरावावर सही करण्यापूर्वी आग टाकल्याच्या आणि वॉशआउटच्या (बॉयलर आतून धुतल्याच्या) नोंदी मागवा, आणि त्या लिहिणाऱ्या फायरमनलाही बैठकीत खुर्ची द्या.