पाळी आधी लांबली, मग थांबेचना

ताई, मी 47 वर्षांची आहे. इतकी वर्षं माझी पाळी कधी चुकली नाही. गेल्या वर्षापासून मात्र कधी वीस दिवसांत येते, कधी दीड महिना येत नाही. या वेळी 70 दिवस आलीच नाही आणि आली ती अकरा दिवस थांबली नाही. गाठी पडत होत्या. ऑफिसात खुर्चीवरून उठायची भीती वाटायची. जाऊबाई म्हणतात, पाळी आली नाही तर घाण आत साचते, गोळी घेऊन आणून घे. मैत्रीण म्हणते, पिशवी काढून टाक, कटकट संपेल. नवरा म्हणतो, वय झालं, होतंच असं. मधल्या काळात दिवस तर राहिले नाहीत ना, या धास्तीने झोप उडाली होती. पण या वयात दुकानात चाचणीची पट्टी मागायची लाज वाटली. हल्ली जिना चढला तरी धाप लागते आणि चिडचिड तर विचारू नका. कुणाचं ऐकू?
– एक वाचक

तुमच्या पत्रात 70 दिवसांची काळजी जास्त दिसते. मला मात्र त्या अकरा दिवसांची आणि गाठींची काळजी वाटते. म्हणून बाकी सगळं नंतर, आधी याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. आणि पुन्हा तसंच जायला लागलं, सलग दोन तास दर तासाला पॅड बदलावं लागलं, चक्कर आली किंवा छातीत धडधडायला लागलं, तर वेळ मिळायची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पाळी मागेपुढे होणं तुमच्या वयात अपेक्षितच आहे. बहुतेक बायकांची पाळी 45 ते 55 या वयात कायमची थांबते, पण एका दिवसात नाही. त्याआधी काही वर्षं ती अशीच चुकतमाकत येते. सुरुवातीला दोन पाळ्यांमधलं अंतर आठवडाभराने इकडेतिकडे होतं. पुढे दोन-दोन महिने पाळी येत नाही. कारण असं, की बीजकोशातून दर महिन्याला बीज बाहेर पडेनासं होतं. बीज बाहेर पडलं नाही की अस्तराला आवरणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही. अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन मात्र चालूच असतं, आणि त्याच्या जोरावर पिशवीचं आतलं अस्तर वाढतच राहतं. त्याला आवर घालणारं काही नसतं. मग कधीतरी ते जाड झालेलं अस्तर सुटतं आणि दिवसच्या दिवस अंगावर जातं. तुमचे 70 दिवस आणि नंतरचे अकरा, यांचा संबंध असा असू शकतो.

'असू शकतो' असंच म्हणते, कारण न तपासता तसं धरून चालणं धोक्याचं आहे. पिशवीच्या स्नायूत वाढणाऱ्या फायब्रॉइडच्या गाठी, पॉलिप म्हणजे अस्तरावर वाढणारा कोंब, थायरॉइडचा बिघाड यांनीही असंच जातं. क्वचित पिशवीच्या अस्तराचा कर्करोगही अशाच रक्तस्रावाने कळतो, आणि लवकर कळला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. तुमचे पती काळजीपोटीच बोलले असतील. पण 'वय झालं' हे तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी म्हणायचं वाक्य आहे, आधी घरात नाही. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालणं, एकवीस दिवसांच्या आत पुन्हा येणं, मध्येच डाग लागणं, संबंधानंतर रक्त दिसणं, यातलं काहीही वयावर ढकलून सोडून देऊ नका.

जाऊबाईंचं म्हणणं मनातून काढून टाका. पाळीचं रक्त घाण नसतं, आणि पाळी आली नाही म्हणून शरीरात विष साचत नाही. अस्तर वाढू नये म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या डॉक्टरही देतात, हे खरं. पण दिवस राहिलेले नाहीत ना आणि अस्तर कसं आहे, हे बघून. दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवरची गोळी आणून घेतलीत, तर ज्याचा शोध घ्यायला हवा तेच काही काळ झाकलं जाईल.

जाताना एक कागद घेऊन जा. त्यावर गेल्या सहा महिन्यांच्या जेवढ्या आठवतील तेवढ्या तारखा लिहा: पाळी कधी सुरू झाली, कधी थांबली, सर्वांत जास्त गेलं त्या दिवशी किती पॅड लागले, रात्री उठून बदलावं लागलं का, गाठी केवढ्या होत्या. 'खूप जातं' म्हटलं की ज्याला त्याला वेगळं समजतं. 'तिसऱ्या दिवशी नऊ पॅड, रात्री दोनदा उठले' म्हटलं की डॉक्टरांना नेमकं कळतं. चालू असलेल्या गोळ्याही लिहा, रक्त पातळ करणाऱ्या असतील तर आवर्जून.

तिथे बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी), थायरॉइड आणि सोनोग्राफी सांगतील. फेरिटिनचा आग्रह तुम्ही स्वतः धरा. जिन्यावरची धाप रक्त कमी झाल्याची खूण असू शकते, आणि हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. 45 नंतर असा रक्तस्राव असेल तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासतात. बायोप्सी हा शब्द ऐकून घाबरू नका; काही मिनिटांचं काम असतं, पाळीसारखी कळ येते, आणि बहुतेकींना त्याच दिवशी घरी जाता येतं. पाळी जायला आली का हे बघायला हार्मोनची तपासणी मात्र या वयात सहसा लागत नाही. ते आकडे महिन्या-महिन्याला बदलतात, त्यावरून काही ठरत नाही.

आता पिशवी काढण्याबद्दल. तपासणीच्या आधी हा विषयच नको. रक्तस्राव कमी करणाऱ्या, फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या आहेत, प्रोजेस्टेरॉन आहे, पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं आहेत, आणि त्यावर बऱ्याच जणींचं भागतं. काहींना शस्त्रक्रिया खरोखर लागते, पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे. आणि पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर हळूहळू होणारा बदल एका दिवसात होतो. झळा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, सगळं एकदम अंगावर येतं. कुणी सुचवलंच तर बीजकोश ठेवणार का, हे विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

चाचणीच्या पट्टीची लाज वाटली, ती अगदी समजते. तरी पाळी लांबली की पहिली ती करा. बीज कधीतरीच बाहेर पडतं याचा अर्थ कधीच पडत नाही असा नव्हे. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधक वापरायला सांगतात. हार्मोनचं ते साधन बसवलंत तर दोन्ही कामं होतील.

चिडचिडीला स्वभाव म्हणू नका. अपुरी झोप, कमी झालेलं रक्त, वरखाली होणारे हार्मोन, यात कुणाचीही चिडचिड होईल. डॉक्टरांना हेही सांगा. रात्री घामाने जाग येत असेल तर तेही. त्यावरही उपचार आहेत. आणि पतींना सोबत न्या. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं. अंगावर जास्त जात असेल त्या दिवशी घरातलं काय काय ते उचलतील, हेही त्यांच्याशी ठरवून टाका.

तारखा लिहिणं यापुढेही चालू ठेवा. सलग बारा महिने पाळी आली नाही, की ती गेली असं धरतात. त्यानंतर एखादा डाग जरी दिसला, तरी पाळी परत आली असं समजून थांबू नका. लगेच दाखवायला जा.