मराठवाड्यात नवीन गोल्फ कोर्स आखताना आर्किटेक्टने आधी काय बघावं?

सगळ्यात आधी एप्रिल-मेमधलं पाणी बघा, होल (खेळाचे एकेक पट्टे) नंतर आखा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. म्हणून हिरवळ टी (पहिला फटका मारायची जागा), फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) आणि ग्रीन (शेवटची, भोक असलेली गुळगुळीत हिरवळ) एवढ्यापुरतीच ठेवा, बाकी माळ तसाच सोडा. गवत हरळीच्या जातीचं घ्या. बर्म्युडा म्हणतात ती हीच, आपण शेतातून खणून खणून थकतो ती! काळी माती उन्हाळ्यात पंजा जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते; त्यामुळे ग्रीनखाली साधारण ३० सेंमी वाळूचा थर, त्याखाली १० सेंमी बारीक खडी आणि निचऱ्याचे पाइप टाकाच. मुरमाड रानात भेगांची कटकट नाही, पण पाणी टिकत नाही. प्रक्रिया केलेलं सांडपाणी चालतं, मात्र क्षार तपासूनच.