मुशीला लघवीसारखा वास का येतो? खावी की टाकावी?

तुमचा प्रश्न असा: नाशिकला घेतलेल्या मुशीच्या तुकड्या धुताना मुतारीसारखा वास आला, विकणारा म्हणाला 'मुशी अशीच असते', तर ते खरं का?

निम्मं खरं आहे. मुशी (कोकणात मोरी) म्हणजे शार्कच, आणि शार्कच्या अंगात मुळातच युरिया असतो. पण ताज्या मुशीला तो वास नसतो. वास येतो तो उशिराचा.

समुद्राचं पाणी साधारण ३.५ टक्के खारट. एवढ्या खारात माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. पापलेट-सुरमई खारं पाणी पितात आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतात. शार्कने दुसरी सोय केली आहे: युरिया टाकून न देता रक्तामांसात साठवायचा, म्हणजे आतला दाट द्रव बाहेरच्या खाराला तोलून धरतो. किलोभर मांसात अंदाजे १५ ते २० ग्रॅम युरिया निघतो. द्राक्षबागेत गोणीने येतो तोच हा युरिया. ओल्या जमिनीवर फेकून उघडा ठेवला की त्याचा अमोनिया होऊन उडून जातो, हे नाशिकच्या शेतकऱ्याला सांगायला नको. मुशी मेल्यावर तिच्या अंगात जिवाणू नेमकं हेच करतात, युरिएज नावाच्या त्याच विकराने.

म्हणून सगळा खेळ वेळेचा आणि बर्फाचा. ट्रॉलर समुद्रात कित्येक दिवस राहतात, त्यानंतर माल धक्क्यावर उतरून कसारा घाट चढतो. पोट न काढलेली, रक्त न सोडलेली मुशी या प्रवासात सगळ्यात आधी बिघडते. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्या दिवसांतली 'ताजी' मुशी बहुतेक शीतगृहातली किंवा लांबून आलेली, हे धरूनच चला.

घेताना सोललेल्या तुकड्या नकोच, अख्खी मुशी मागा. दीड-दोन फुटांची, चपट्या फावड्यासारख्या तोंडाची लहान जात आपल्याकडे जास्त येते, ती चांगली. कल्ल्याची फट बोटाने उघडून हुंगा, वास आधी तिथेच लागतो. डोळे खोल गेलेले, पोट मऊ पडलेलं असेल तर सोडा. पोट फाडल्यावर आत पिल्लं निघाली तर दचकू नका, ती गिळलेली मासळी नव्हे. ही जात पिल्लंच घालते, नाळसुद्धा दिसते.

साफ करताना खरी चूक होते ती कण्याशी. पोटातली घाण काढली तरी कण्याला आतून चिकटलेली काळपट लाल पट्टी तशीच राहते. ते मुशीचं मूत्रपिंड. सुरीच्या टोकाने ती खरवडून वाहत्या पाण्याखाली काढा. कातडीवर दातांसारखे बारीक खवले असतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. कढत पाणी ओतून अर्धा मिनिट थांबलं की ते सुरीने खरवडून निघतात. जास्त वेळ ठेवलं तर खालचं मांस शिजायला लागतं.

मग इंचभर जाडीच्या तुकड्या करा. किलोला एक लिटर गार पाणी, दोन लिंबांचा रस, चमचाभर मीठ. अर्धा तास फ्रिजमध्ये, पाणी फेका, पुन्हा एकदा तसंच. युरिया पाण्यात उतरतो आणि आंबटामुळे अमोनिया बांधला जातो. रात्रभर मात्र ठेवू नका, लिंबाने मांस पांढरं पडून कडक होतं. मोरीच्या रश्श्यात कोकम किंवा चिंच पडते ती नुसत्या चवीसाठी नाही, हे आता लक्षात येईल. नाशिकच्या काळ्या मसाल्यातही मुशी छान लागते, पण आंबट विसरू नका. उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटं पुरेत. मांसात चरबी फार कमी, जास्त शिजवलं की कोरडं पडतं.

आता तुमच्या तुकड्या. वर सांगितल्यासारख्या दोनदा भिजवून त्यातली एक तुकडी वाटीभर पाण्यात उकळा. वाफेने नाक-डोळे झोंबले तर सगळ्या टाका. मसाल्याने तो वास झाकण्याच्या भानगडीत पडू नका. हलका वास असून धुण्याने गेला, तर आजच शिजवा. गोठवलेली मुशी ओट्यावर वितळवू नये, फ्रिजमध्येच वितळवावी, नाहीतर जिवाणूंना मोकळं रान मिळतं.

मुलांना काटा नाही म्हणून मुशी देतात. काटा नाही हे खरं, कारण हाडांऐवजी कूर्चा असते. पण शार्क शिकारी असल्यामुळे खालच्या प्रत्येक माशातला पारा त्याच्या अंगात साठत जातो, आणि तो ना धुण्याने जातो ना शिजवण्याने. गरोदर बायका आणि लहान मुलांनी मुशी टाळावी, मोठ्या मुशीच्या तुकड्या तर नक्कीच. हातोड्यासारख्या डोक्याची कानमुशी दिसली तर कुणीच घेऊ नये, तिच्या मोठ्या जाती नामशेष व्हायच्या टोकावर आहेत.