मराठी संगणनाच्या छोट्या गटाने वार्षिक पुरस्कारांसाठी नामांकने कशी निवडावीत?

आपला प्रश्न असा आहे की, मराठी फॉन्ट, कळफलक, शुद्धलेखन तपासनीस आणि भाषांतर अशी कामे हौसेने करणाऱ्या दीड-दोनशे जणांच्या गटाला यंदा प्रथमच वार्षिक पुरस्कार द्यायचे आहेत. मतदानाची व्यवस्था झाली आहे, परंतु मतपत्रिकेवर कोणाची नावे ठेवायची हे कसे ठरवावे, ते उमगत नाही. मी जळगावात डीटीपीचा व्यवसाय करतो आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील अशाच एका गटाच्या निवड समितीवर चार वर्षे काम केले आहे. पुढे जे लिहिले आहे, त्यातले बरेचसे आमच्या चुकांतून आलेले आहे.

पुरस्कार मतदानाने ठरतो असे आपण समजतो, पण लहान गटात तो बहुतांशी यादीनेच ठरून जातो. मत देणाऱ्या सदस्यांपैकी अनेकांनी यादीतील सगळी साधने वापरलेली नसतात; जे नाव ओळखीचे वाटते त्यावर ते खूण करतात, आणि जे यादीत नाही त्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. पहिल्या वर्षी आम्ही यादीसाठी दोन आठवडे आणि सभागृह, पाहुणे, भरीत-पुरीचे जेवण यांसाठी दीड महिना दिला. आता हे प्रमाण उलटे केले आहे, आणि जेवण तरीही वेळेवर होते.

त्या पहिल्या वर्षी आमचा नियम सोपा होता: कोणीही शिफारस करावी आणि सर्वाधिक शिफारशी मिळालेली पाच नावे मतपत्रिकेवर जावीत. परिणाम असा झाला की, एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी एकाच कळफलकासाठी एकाच मजकुराच्या शिफारशींचा ढीग पाठवला. त्या सर्वांत 'शुद्धलेखन' हा शब्द एकाच तऱ्हेने चुकवलेला होता. तपासल्यावर दिसले की तो कळफलक म्हणजे आधीपासून मुक्तपणे उपलब्ध असलेल्या एका कळफलकाचा रंग बदललेला अवतार होता. विद्यार्थ्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता, नियमच कच्चा होता. आमच्याहून कितीतरी मोठ्या मंडळींनाही हा अनुभव आलेला आहे. इंग्रजी विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांत २०१५ साली ठरवून आखलेल्या याद्यांनुसार नामांकने भरली गेली. चिडलेल्या मतदारांनी पाच विभागांत 'कोणालाही पुरस्कार नाही' हाच पर्याय निवडला, आणि २०१७ पासून नामांकने मोजण्याची रीतच अशी बदलण्यात आली की एका गठ्ठ्याला सगळ्या जागा बळकावता येऊ नयेत. ते गणित आपल्या आकाराच्या गटाला पेलणारे नाही आणि त्याची गरजही नाही. आपण एवढेच करावे की शिफारशी मोजू नयेत, वाचाव्यात. पन्नास जणांनी सुचवलेले काम आणि एकाने सुचवलेले काम समितीपुढे सारख्याच मानाने यावे.

शिफारसपत्रात आम्ही आता तीनच गोष्टी विचारतो: या वर्षात नेमके काय केले गेले, ते कोणाच्या उपयोगी पडले आणि ते कोठे पाहता येईल. 'मराठीची सेवा' हे शब्द लिहिलेल्या शिफारशी आम्ही फेटाळत नाही, पण त्यानंतरच्या वाक्यात काहीतरी ठोस आहे का, हे बघतो. बहुधा नसते.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. यादीत येऊ पाहणारी प्रत्येक गोष्ट समितीने स्वतः वापरून पाहावी. फॉन्ट आणि कळफलकांसाठी आम्ही एक ठरावीक परिच्छेद बनवला आहे. त्यात 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन्ही शब्द आहेत, कारण पहिल्यांना नमस्कार करायचा असतो आणि दुसऱ्यांना स्वयंपाकाचे सामान द्यायचे असते, आणि ज्या कळफलकावर हा फरक टंकता येत नाही तो मराठीसाठी अपुरा आहे. त्यात 'शेतकऱ्यांच्या', 'कुऱ्हाड', 'वाङ्मय' आहेत. 'ॲप' आहे, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला एक ठरलेला संकेत देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, ॲ या अक्षराला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली आणि त्याआधीच्या फॉन्टांत तेथे रिकामी चौकट दिसते. 'शाल' आणि 'लाकूड' हे साधे शब्दही आहेत, कारण श आणि ल यांची मराठी वळणे हिंदीतील वळणांपेक्षा वेगळी आहेत. युनिकोडमध्ये दोन्हींचा संकेत एकच असल्याने, मजकुराची भाषा मराठी आहे हे ओळखून योग्य आकार दाखवण्याची तरतूद फॉन्ट बनवणाऱ्याला करावी लागते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणे प्रमाणित केली आणि २०२२ मध्ये तो निर्णय अद्ययावत केला, त्यामुळे हा केवळ आमच्या आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. दुसऱ्या वर्षी सर्वाधिक कौतुक झालेला एक देखणा फॉन्ट या परिच्छेदात 'शेतकऱ्यांच्या' शब्दापाशी अडला. केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने तो फॉन्ट कसा वापरावा? आम्ही तो यादीतून वगळला, बनवणाऱ्याला कारण लिहून कळवले, आणि पुढच्या वर्षी तोच फॉन्ट दुरुस्त होऊन यादीत आला.

'या वर्षातील काम' म्हणजे काय, हे आधी लिहून ठेवावे. आम्ही १ जानेवारी ते ३१ डिसेंबर धरतो आणि निकाल २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी जाहीर करतो. पण नवी आवृत्ती आली नाही म्हणजे काम झाले नाही, असे समजू नये. तिसऱ्या वर्षी आम्ही येथेच फसलो. हनस्पेल या तपासनीसाचा मराठी शब्दकोश दोन फायलींचा असतो: एकीत शब्द, दुसरीत ते शब्द कोणकोणती रूपे घेतात याचे नियम. मराठीत 'घर' हा एक शब्द लिहून भागत नाही. घराला, घरातून, घरासमोरच्या, घरातल्यांनाही अशी त्याची मालिका चालते, आणि ती सगळी शब्द म्हणून कोंबली तर फाईल फुगते, नियम सैल ठेवले तर चुकीची रूपेही बरोबर ठरतात. आमच्या एका सदस्याने वर्षभर केवळ या नियमांची डागडुजी केली. त्याच्या नावाची एकही शिफारस आली नाही, कारण वापरणाऱ्याला दिसले ते एवढेच की लाल रेघा कमी झाल्या, आणि कमी झालेल्या रेघांचे श्रेय कोणी कोणाला देत नाही. बदलांची नोंद चाळताना हे काम आमच्या लक्षात आले, तेव्हा मतपत्रिका रवाना झाल्या होत्या.

तेव्हापासून समिती शिफारशींची वाट पाहत बसत नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्यापैकी एक जण तासभर बसून ओळखीच्या प्रकल्पांच्या बदलनोंदी वाचतो आणि एका वहीत चार ओळी लिहितो. ही वही साधी कागदाची आहे, याचे तरुण सदस्यांना हसू येते. पण डिसेंबरात लोकांना फार तर ऑक्टोबरपासूनचे आठवते, आणि वहीत फेब्रुवारीही असतो.

पुरस्कार 'सॉफ्टवेअर'लाच द्यायचा, ही अटही सोडून द्यावी, असे मी सुचवेन. आमच्या भागात अहिराणी आणि लेवा बोली घरोघर आहेत. येथे 'डोळा' हा 'डोया' होतो आणि तपासनीस त्याखाली निमूटपणे लाल रेघ ओढतो. अहिराणीला भाषासंकेतांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचे तीन अक्षरी चिन्ह आहे, पण चिन्ह असल्याने शब्दसंग्रह तयार होत नाही. शिरपूर तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांनी अहिराणी शब्दांची यादी साध्या मजकूर फाईलमध्ये, प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ देऊन, युनिकोडमध्ये टंकून ठेवली होती. त्यांना आज्ञावलीची एक ओळ लिहिता येत नाही. परंतु पुढे ज्या कोणाला अहिराणीचा कळफलक किंवा तपासनीस करायचा असेल, त्याला पहिल्यांदा याच फाईलपाशी यावे लागेल. आम्ही विभागाचे नाव 'सॉफ्टवेअर' ऐवजी 'साधने आणि सामग्री' असे केले, ते या एका फाईलसाठी.

उलट बाजूने, फार मोठ्या प्रकल्पांचे काय करायचे, हाही प्रश्न येईल. हार्फबझ नावाचे एक इंजिन क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड या सर्वांत अक्षरांची जुळणी करते. आपली जोडाक्षरे पडद्यावर नीट दिसतात त्यामागे त्याचा मोठा हात आहे. पण त्याला आमच्या लहान पुरस्काराच्या यादीत बसवले, तर दरवर्षी तेच जिंकेल आणि ते बनवणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसेल. आम्ही असे ठरवले की, जागतिक प्रकल्पात कोणी त्या वर्षी मराठीपुरती भर घातली असेल, तर ती भर आणि ती घालणारी व्यक्ती यादीत येईल, प्रकल्प नाही. पूर्वसुरींसाठी स्पर्धा नसावीच. विंडोज २००० सोबत आलेल्या मंगल फॉन्टवर एका पिढीने मराठी टंकली आणि तो फॉन्ट रेखाटणारे र. कृ. जोशी २००८ साली गेले; अशा कामाचा ऋणनिर्देश व्यासपीठावरून करावा, मतदान कशाला?

समितीबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण खान्देशात चहा संपण्याच्या आत कोणाचे ना कोणाचे नाते निघतेच. समिती तिघांची किंवा पाचांची असावी. समितीतील व्यक्तीचे स्वतःचे काम त्या वर्षी यादीत येऊ नये. नातेवाइकाचे, विद्यार्थ्याचे किंवा भागीदाराचे काम चर्चेला आले, तर त्या व्यक्तीने खोलीबाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. जुन्या फॉन्टांतील फाइली युनिकोडमध्ये नेणारा एक परिवर्तक मी लिहिला आहे. पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेल्या लग्नपत्रिका आणि अहवाल त्याने बरेच सोडवले. समितीत असल्याने तो कधीच यादीत आला नाही. नियम मीच सुचवलेला होता, तरी दुसऱ्याच्या परिवर्तकाला टाळ्या मिळाल्या तेव्हा जरा टोचले, हे नाकारत नाही. आधीच्या विजेत्यांना किती वर्षे बाहेर ठेवावे, याबद्दल आमच्यात अजून वाद आहे. सध्या त्याच विभागात दोन वर्षांची सुट्टी आहे. ती नसेल तर तीच चार नावे फिरत राहतात, आणि ती फार लांबवली तर पुरस्कार पाळीपाळीने वाटल्यासारखा होतो. मला दुसरा धोका अधिक मोठा वाटतो.

प्रत्येक विभागात तीन ते पाच नावे पुरेशी आहेत. समितीत आम्ही गुण देत नाही. प्रत्येक सदस्य 'हे जिंकले तर मला चालेल' अशा सर्व नावांवर खूण करतो आणि बहुमताच्या खुणा असलेली नावे पुढे जातात. तीन नावे जमली नाहीत तर तो विभाग त्या वर्षी बंद ठेवावा, जागा भरण्यासाठी कोणाला ओढून आणू नये. मतपत्रिकेवर शेवटी 'यांपैकी कोणीही नाही' हा पर्याय अवश्य द्यावा. आपल्या मतदारांना तो २०१३ पासून निवडणुकीच्या यंत्रावर परिचित आहे, आणि मुक्त संगणकप्रणाली बनवणाऱ्या डेबियनसारख्या मुरलेल्या प्रकल्पाच्या नेत्याच्या निवडणुकीतही तो असतो. आमच्याकडे तो एकदाही जिंकलेला नाही, पण त्याला पडलेली मते पाहून समितीला आपली यादी कशी झाली होती, ते कळते.

यादी जाहीर करण्यापूर्वी प्रत्येकाला पत्र लिहून संमती घ्यावी. आम्ही दुसऱ्या वर्षी ती घेतली नाही आणि एका बाईंनी जाहीर झाल्यावर नाव मागे घेतले. त्या ज्या कार्यालयात नोकरी करत, तेथे फावल्या वेळातील हे काम कोणाला ठाऊक नव्हते आणि ठाऊक व्हावे अशी त्यांची इच्छाही नव्हती. त्याच पत्रात नाव देवनागरीत कसे लिहायचे, तेही विचारून घ्यावे. पहिल्या वर्षीच्या विजेत्याच्या आडनावात 'ऱ्ह' होता, मानपत्र माझ्याच दुकानात जुन्या फॉन्टमध्ये छापले, आणि मराठी फॉन्टसाठी मिळालेल्या पुरस्काराच्या मानपत्रावर त्या गृहस्थांचे आडनाव फुटलेले होते. त्यांनी ते मानपत्र बदलून घेतले नाही. चौकटीत लावून ठेवले आहे आणि मी घरी गेलो की मुद्दाम दाखवतात.