१६०० अश्वशक्ती असूनही बुगाटी ताशी ४९० किमीवरच का थांबली?

तुमचा प्रश्न असा आहे: फ्रेंच कंपनी बुगाटीची २००५ ची व्हेरॉन ही गाडी १००१ अश्वशक्तीवर ताशी ४०७ किमी गेली आणि २०१९ ची शिरॉन १६०० वर ४९०. ताकद साठ टक्के वाढली, वेग मात्र वीसच टक्के. मग मधली चौदा वर्षं गेली कशात?

हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो रोध मोडायला लागणारी ताकद घनाने. २०१० ची व्हेरॉन सुपर स्पोर्ट ४३१ ला पोचली होती. ४३१ ला ४०७ ने भागून घन करा, १.१९ येतात, म्हणजे साधारण ११९० अश्वशक्ती हवी. त्या गाडीत १२०० होती, हिशेब चोख बसला. तोच हिशेब ४९० ला लावला तर १७५० च्या आसपास लागतात आणि इंजिनात आहेत १६००.

ही तूट बॉडीने भरून काढली. धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला पट्टा तयार होतो आणि तो गाडीला मागे ओढतो. शेपटी जवळपास २५ सेंमीने लांबवल्यावर हवा बॉडीला जास्त वेळ धरून राहते आणि पट्टा आकसतो. पुढच्या चाकांच्या कमानींवर गोल भोकं पाडली, कारण फिरत्या चाकाभोवती हवा कोंडली की ती गाडीचं नाक वर उचलते.

उष्णतेचं दुखणं वेगळं. पेट्रोलमधली दोन तृतीयांशच्या आसपास ऊर्जा चाकांपर्यंत पोचतच नाही, ती एक्झॉस्ट आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) यांमधून बाहेर टाकावी लागते. म्हणून व्हेरॉनला दहा रेडिएटर होते. पण रेडिएटरला हवा द्यायची तर बॉडीला तोंडं उघडावी लागतात, आणि प्रत्येक तोंडाने रोध वाढतो.

माझ्या मते सगळ्यात अवघड भाग टायरचा. ताशी ४९० म्हणजे सेकंदाला १३६ मीटर. त्या वेगात चाक सेकंदाला साठहून जास्त फेरे मारतं आणि टायरच्या कडेवरचा एक ग्रॅम रबर पाच किलोहून जास्त जोराने बाहेर ओढला जातो. टायरच्या आतल्या पोलादी तारा एकमेकींना घासल्या तर तिथेच उष्णता साठते, थर सुटतात आणि टायर फुटतो. म्हणून टायर बनवणाऱ्या मिशलॅं कंपनीने टायरच्या आतले पट्टे मजबूत केले, टायर चाचणी-यंत्रावर ताशी ५११ किमीपर्यंत फिरवून पाहिले, आणि बसवण्याआधी प्रत्येक टायरचा एक्स-रे काढला. व्हेरॉन सुपर स्पोर्टच्या ग्राहकांच्या गाड्या ताशी ४१५ किमीवर बांधून ठेवल्या होत्या त्या टायर जपण्यासाठीच.

शिरॉनच्या या धावेचा चालक अँडी वॉलेसनेही एकदम पूर्ण वेग दिला नाही. जर्मनीतल्या एरा-लेसीन या चाचणी ट्रॅकच्या जवळपास नऊ किमीच्या सरळ पट्ट्यावर ३०० पासून टप्प्याटप्प्याने वेग वाढवत नेला आणि दर टप्प्याला गाडीचा तोल तपासला.

आकड्यांची तुलना करताना एक गोष्ट मात्र बघाच. शिरॉनचा ४९०.४८४ हा आकडा एकाच दिशेच्या धावेचा आहे. सुपर स्पोर्टचा ४३१ हा दोन्ही दिशांची सरासरी, आणि २०१७ मध्ये नेवाडातल्या महामार्गावर कोनिगसेग या स्वीडिश कंपनीच्या आगेरा आरएस गाडीने नोंदवलेला ४४७ सुद्धा तसाच. वारा पाठीशी असो की समोर, दोन दिशांच्या सरासरीत त्याचा फायदा बऱ्यापैकी कापला जातो. एका दिशेच्या धावेत तो तसाच राहतो.